देवश्रीच्या निरोपाचं भाषण

२८ डिसेंबर, रविवार

मराठी मंडळाच्या बैठकीत आज भाषण माझ्या गळ्यात पडलं आणि मी हसत हसत पडू दिलं. रथसप्तमीला, २५ जानेवारीला, महिला शाखेचं हळदीकुंकू आहे. त्याच संध्याकाळी आपल्या रायपूरच्या गुढियारीची जिम्नॅस्ट देवश्री ठोंबरे हिचा निवृत्तीनिमित्त सत्कार. शाल, श्रीफळ आणि गौरवपर भाषण: सुनीती बोकारे. अध्यक्ष शरच्चंद्रजी म्हणाले, तिच्यावर बोलायला तुमच्याशिवाय आहे कोण. खरंच आहे. तिच्या आईनेही पाहिल्या नसतील इतक्या स्पर्धा मी पाहिल्या आहेत.

निवृत्तीची बातमीही बैठकीत मीच दिली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पोरगी कुठल्या स्पर्धेत दिसलेली नाही. परवा भाजीच्या ठेल्यापाशी तिची आई क्षमा भेटली, तर म्हणाली, "झालं न दीदी आता, बस झालं तिचं." आईच म्हणते म्हटल्यावर विषय संपला.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. आमचे हे, म्हणजे नरहरीराव, रेल्वेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. तेव्हा मिळालेली शाल अजून डांबराच्या गोळ्यांत आहे, एकदाही पांघरली नाही. म्हणाले, सव्वीस वर्षांच्या पोरीला शाल देता, काठीपण द्या सोबत. मी लक्ष दिलं नाही. कुणाचं कौतुक निघालं की ह्यांना खोकला येतो.

आजपासून रोज दोन ओळी लिहायच्या. भाषणाला कामी येतील.

२ जानेवारी, शुक्रवार

पहिला मसुदा फाडला. ह्यांना वाचून दाखवला, तर म्हणाले, पदकं सगळी आहेत ह्याच्यात, पोरगी नाही. झोंबलं, पण खोटं नव्हतं.

तर आता पोरगी सांगते. मालधक्क्याच्या भिंतीवर मी तिला पहिल्यांदा पाहिलं. फ्रॉक घालायच्या वयाची, भिंतीवरून चाललेली, आणि खाली सगळा पारा, म्हणजे अख्खा मोहल्ला, ओरडतोय. टोकाला गेली आणि एका पायावर गर्रकन वळून परत निघाली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती खाली उभी राहून बोरं खात होती. त्या दिवसापासून मी तिची आहे.

बीम म्हणजे छातीएवढ्या उंचीवर एक लांब पट्टी, रुंदीला माझ्या पोळपाटाच्या अर्धीही नाही. बाकीच्या मुली तिच्यावर जीव मुठीत धरून चालतात. देवश्री माहेरी आल्यासारखी चालते. भोपाळला ती मधेच पडली. पडलेल्या मुली घाईघाईने वर चढतात. ही चढली, केसांची पिन काढून नीट लावली, आणि मग पुढे सुरू केलं. लोक आधी हसले, मग टाळ्या थांबेनात. कांस्य मिळालं. पुण्याला रौप्य मिळालं तेव्हा शेजारच्या बाईने विचारलं, तुमची मुलगी का हो. मी हो म्हणाले. आमचा पराग बंगळुरूला असतो, त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, मम्मी, बधाई हो.

एवढं सगळं झरझर लिहून झालं. तिचं उतरणं मात्र लिहिता येईना, कारण मी ते कधी पाहिलेलंच नाही. शेवटची उडी आली की माझे डोळे आपसूक मिटतात. हे शेजारून सांगतात, "उभी आहे." ते ऐकलं की उघडते. कुणाला हे माहीत नाही, आणि भाषणात सांगणारही नाही. सव्वा वर्षापूर्वी इथल्याच स्टेडियममध्ये हे काही बोललेच नाहीत. मी नुसता आवाज ऐकला.

६ जानेवारी, मंगळवार

देवश्री घरी आली होती. सत्काराचं सांगितलं तर लाजली. ही मुलं मराठी सगळं समजतात, उत्तर मात्र हिंदीत. म्हणाली, मंडळाच्या लग्नाच्या गाद्या हव्यात, जुन्याही चालतील, पण जाड हव्या. मग आवाज खाली आणून, "काकू, मम्मी को मत बताना."

मी काही काल जन्मलेली नाही. लग्न ठरलंय. बैठक घालायची आहे, म्हणून गाद्या. मुलगा क्षमाच्या पसंतीचा नसेल, म्हणून ही चोरी. मी एक प्रश्न विचारला नाही, चावी काढून दिली. कोठीतल्या सगळ्या गाद्या टेम्पोत घालून भनपुरीला, ट्रकवाल्यांच्या वस्तीत नेल्या. म्हणजे मुलाकडचे ट्रान्सपोर्टवाले असणार, खाऊनपिऊन सुखी. आणि गाद्या जाड हव्यात म्हणाली. पाहुण्यांची एवढी काळजी हल्ली कोण करतं?

१० जानेवारी, शनिवार

मुलगा पाहिला. उसाच्या रसाच्या ठेल्यापाशी दोघं बाकावर बसलेली. तो तिचा गुडघा हातात धरून दाबत होता, भर रस्त्यात. मी दुसरीकडे पाहत निघून जाणार होते, पण तिनेच हाक मारली. "काकू, ये निरंजन भैया हैं." आता लोकांसमोर भैयाच म्हणणार, दुसरं काय म्हणेल. मुलगा चांगला आहे, नाकीडोळी नीटस, बोलायला नम्र. विचारलं काय करता, तर म्हणाला, हड्डी-जोड का काम है. म्हणजे डॉक्टरच की.

देवश्रीचे हात मनगटापर्यंत पांढरे. रांगोळी गिरवत असणार. ज्या मुलीला कधी चहा करताना पाहिलं नाही, ती रांगोळ्या काढू लागली. भाषणात एक वाक्य घातलं: बीम सोडून ती आता संसाराच्या पट्टीवर पाऊल ठेवत आहे. ह्यांनी ते वाचलं आणि वही मिटून ठेवली.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. मी काळं पातळ नेसले. देवश्री आली, तिळाचा लाडू दिला तर तिने त्यातला तीळभर मोडून तोंडात टाकला आणि उरलेला ह्यांच्या हातावर ठेवला. लग्नाच्या ब्लाउजचं माप दिलेलं दिसतं.

मग म्हणाली, सत्कार ३१ तारखेनंतर ठेवता येईल का. आता मला तारीखही कळली. साखरपुडा ३१ला. मी समजावलं की रथसप्तमी झाल्यावर हळदीकुंकू करत नसतात, आणि हॉल पुढे लग्नांना दिलेला आहे. ती काही तरी सांगायला लागली होती, तेवढ्यात क्षमा वाण घ्यायला आत आली आणि पोरगी गप्प झाली. मीही चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. गुपित राखावं तर माझ्यासारखं.

१६ जानेवारी, शुक्रवार

कार्ड तयार झालं. मजकूर माझा: "एका सुवर्ण कारकिर्दीला निरोप." खाली तिचा पुण्याचा फोटो. मंडळाच्या ग्रुपवर टाकलं आणि तासाभरात अंगठे, फुलं आणि हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला. शरच्चंद्रजींनी ते आणखी चार ग्रुपवर पाठवलं, त्यात एक खेळवाल्यांचाही होता. छान झालं, तिची माणसंही येतील.

संध्याकाळी क्षमाचा फोन आला. रडत होती. म्हणाली, "बरं झालं दीदी तुम्ही लिहिलं. मले तिले म्हणवत नव्हतं." मला वाटलं, आईचं मन आहे, भरून आलं असेल. मीही थोडी रडले.

१९ जानेवारी, सोमवार

आजचं लिहायला हात होत नाही, पण लिहिते.

दुपारी देवश्री आली. चप्पल काढली नाही, दारातच उभी राहिली.

"काकू, आपको किसने कहा कि मैं छोड रही हूँ?"

मी म्हणाले, तुझी आईच म्हणाली.

"मम्मी ने कहा. मैंने कहा था?"

मी आठवून पाहिलं. नव्हतं म्हटलं. एकदाही नाही.

मग तिने सगळं सांगितलं. ३१ला राज्याच्या संघाची निवड चाचणी आहे. दिवाळीपासून ती भनपुरीला एका गोदामात सराव करते आहे. गाद्या उतरण्यासाठी. हाताला लागलेली पांढरी पूड बीमवर घसरू नये म्हणून. निरंजन तिच्या गुडघ्याचे व्यायाम करून घेतो, त्याला बायको आहे आणि लहान मुलगी आहे. आईला सांगितलं नाही, कारण ऑपरेशनच्या वेळी क्षमाने दवाखान्यात अन्न टाकलं होतं. आणि माझं कार्ड फिरत फिरत निवड करणाऱ्या साहेबांपर्यंत पोचलं. त्यांनी तिला शुभेच्छा पाठवल्या, लिहिलं की योग्य वेळी संन्यास घेतलास, आणि चाचणीच्या यादीत तिच्या जागी दुसऱ्या मुलीचं नाव घातलं. हिने फोन केला तर म्हणाले, घर के लोगों ने ही छापा है, बेटा.

ती ओरडली नाही. आत येऊन पाणी प्यायली, पेला विसळून ओट्यावर पालथा ठेवला आणि गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी वहीतली पानं काढली. बीम सोडून संसाराच्या पट्टीवर. वाचून माझीच मला शिसारी आली. सोळा वर्षं जिच्यावर जीव टाकला, तिला मी स्वतःच्या हाताने खाली उतरवलं, आणि वर फुलांचं चित्र लावलं.

हे शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "भाषण तं तयार आहे न तुझं? मग ते मंडळात काहून देतेस? जिथं लागते तिथं जाऊन दे."

२० जानेवारी, मंगळवार

सकाळी ह्यांच्या स्कूटरवर भनपुरीला गेले. ट्रकांच्या रांगेमागे ते गोदाम. हे स्कूटर लावत होते, मी एकटीच आत शिरले. सुताराकडून करून घेतलेला बीम, त्यावर सतरंजी ताणून ठोकलेली. खाली आमच्या मंडळाच्या गाद्या, कडेला लाल शिक्क्यासकट. कितीतरी नवरदेव बसले असतील त्यांच्यावर, पण कामाला आता आल्या.

ती वर होती. मला पाहूनही थांबली नाही. चालणं तेच, पण आता पाऊल टाकण्याआधी ती एक क्षण वाट पाहते. गुडघ्याला विचारून घेत असावी. पूर्वी हे नव्हतं. मला ते पूर्वीपेक्षा जास्त आवडलं, हे तिला सांगायचं राहिलं.

मग ती टोकाला गेली आणि माझे डोळे मिटले. गादीचा धप्प आवाज आला. उघडले तेव्हा ती उभी होती.

मी माफी मागितली. ती म्हणाली, "काकू, माफी से नाम नहीं आएगा." रागाने नाही, नुसतं सांगितलं.

२१ जानेवारी, बुधवार

नवा रायपूरला, निवड करणाऱ्या साहेबांकडे गेले. ह्यांना सोबत घेतलं नाही, चूक माझी होती. बस मिळायला एक तास, आणि उतरल्यावर चालायचंच. तिथले रस्ते असे की पलीकडे जायचं तर शिदोरी बांधून निघावं. साहेबांचं नाव राकेशजी. मला वाटलं होतं कुणी उर्मट असेल, पण त्यांनी खुर्ची दिली, चहा सांगितला. म्हणाले, मॅडम, यादीतून नाव कमी झालं आहे, आणि तुमच्याच कार्डावरून झालं आहे.

मी उठून उभी राहिले आणि भाषण सुरू केलं. हिंदीत, मधे मधे मराठीत, जसं सुचेल तसं. मालधक्क्याची भिंत सांगितली. भोपाळची केसांची पिन सांगितली. सुतारी बीम आणि नवरदेवांच्या गाद्या सांगितल्या. गुडघ्याला विचारून टाकलेलं पाऊल सांगितलं. चहावाला ट्रे घेऊन दारातच थांबला होता. कागद पर्समध्ये होता, तो काढावाच लागला नाही. निवृत्तीबद्दल एक वाक्य नव्हतं, आणि त्याशिवाय भाषण कितीतरी बरं झालं.

राकेशजी शेवटपर्यंत ऐकत होते. मग म्हणाले, "सब ठीक है मैडम. पर वो घुटना. उतर पाएगी?"

सगळं सांगता येत होतं, नेमकं तेवढंच नाही. हो म्हणायला काय जात होतं? पण एकदा न पाहिलेली गोष्ट मी छापून बसले होते.

मी म्हणाले, "साहब, मैंने नहीं देखा. आपने भी नहीं देखा. ट्रायल में दोनों देखेंगे."

त्यांनी खणातून कागद काढला. मग कार्ड चुकीचं होतं असं माझ्याकडून लिहून घेतलं आणि सही घेतली. दुसऱ्या मुलीचं नाव तसंच ठेवून देवश्रीचं खाली वाढवलं. उठताना म्हणाले, "आप आइएगा. देखना पडेगा." हव, म्हणाले मी.

२२ जानेवारी, गुरुवार

क्षमाला मी सांगायचं, असं देवश्रीने ठरवलं. ही शिक्षा आहे का विश्वास, मला कळलं नाही. गेले आणि सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. मी म्हणाले, मलाही भीती वाटते, मी तर तिचं उतरणं पाहतच नाही, डोळे मिटून घेते. हे कुणाला सांगायचं नव्हतं, पण सुटलं तोंडातून.

क्षमा म्हणाली, "तुम्ही तं मिटून घेता दीदी. मले तेही जमत नाही."

मग बराच वेळ आम्ही दोघींनी मिळून तांदूळ निवडले. निघताना तिने विचारलं, ३१ला किती वाजता.

२५ जानेवारी, रविवार

हळदीकुंकू झालं. हॉल भरलेला. मी उभी राहून सांगितलं की निरोप रद्द आहे, चूक माझी आहे, आणि सत्कारमूर्ती आत्ता सराव करते आहे. थोडी कुजबुज झाली. शरच्चंद्रजी हळूच म्हणाले, शाल आणलेली आहे, तिचं काय करायचं. मी म्हणाले, ठेवा, थंडी आहे अजून. बायका म्हणाल्या, भाषण तरी करा. भाषण मी नवा रायपूरला संपवलं होतं. मग सगळ्यांनी ठरवलं, ३१ला स्टेडियमवर जायचं. वाण म्हणून स्टीलच्या वाट्या दिल्या. चिवडा उरला.

३१ जानेवारी, शनिवार

आधी निकाल लिहून टाकते, नाहीतर मला धीर निघणार नाही. बीमवर पहिली. संघात नाव आलं. पुढच्या महिन्यात राष्ट्रीय स्पर्धेला जाणार.

आता नीट सांगते. मंडळाच्या बायका हळदीकुंकवाच्या साड्या नेसून एका रांगेत बसल्या होत्या. दाराशी क्षमाने मीठ-मोहरी घेऊन लेकीची दृष्ट काढली, तिथला चौकीदार पाहतच राहिला. मग ती माझ्या डाव्या हाताला येऊन बसली, उजवीकडे हे. समोर टेबलापाशी राकेशजी. त्यांनी मला पाहिलं आणि मान हलवली. मीही हलवली.

बीमवर देवश्री माहेरी आल्यासारखी चालली, पण सासर पाहून आलेल्या मुलीसारखी, जपून. मधे एकदा तोल गेला, हात हवेत फिरले. सावरली. केसांची पिन जागेवरच होती, तरी तिने हात लावून पाहिला. मी मोठ्याने हसले. भोपाळचं आठवून हसणारी तिथे मी एकटीच.

मग ती टोकाला गेली.

क्षमाने माझा हात धरला, किंवा मी तिचा. डोळे मिटायला आलेच होते. मी ते उघडे ठेवले, जबरदस्तीने, पाणी येईपर्यंत.

तर हे आहे तिचं उतरणं, भाषणात राहून गेलेलं. ती टोकावर एक क्षण थांबते. गुडघ्याला विचारते. मग दोन्ही हात वर नेते आणि पट्टी सोडते. वर असताना तिचं तोंड शांत असतं. मला इतकी वर्षं वाटायचं, तिथे भीती असेल. नसते. भिंतीवरून उतरून बोरं खाणाऱ्या पोरीचं तोंड आहे ते. अंग हवेत गोल फिरतं, पाय जमीन शोधत येतात, आणि दोन्ही पाय एकदम टेकतात. गुडघे वाकतात, उजवा जरा थरथरतो, आणि थरथर थांबते. मग ती सरळ होते आणि हात वर करते. पाऊल हललं नाही.

क्षमा रडत होती, हसत होती, दोन्ही. बायकांनी एवढा कल्ला केला की टेबलापासून कुणी तरी शांत राहायला सांगितलं. नंतर निरंजनने देवश्रीच्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवली आणि बांधायला काही सापडेना, तर शरच्चंद्रजींनी पिशवीतून शाल काढून दिली. सत्काराची शाल तिने गुडघ्याला गुंडाळली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "काकू, बहुत गरम है." बर्फावर शाल, गरम कुठून लागणार. पण मला कळलं.

हे एवढं लिहून झालं आणि एक राहिलं. ती जमिनीवर आली त्याच क्षणी, सवयीप्रमाणे, हे माझ्या कानाशी वाकले होते. म्हणाले, "उभी आहे."

मी म्हणाले, "मले सांगू नका. मी पाहिलं."